आयोडीनचं हाफ-लाइफ आठ दिवस, मग आमच्या चाळीचं किती?

मीनल_ठाकूरद्वार

नमस्कार. प्रश्न दोन आहेत, पण आमच्या घरात ते एकाच आठवड्यात आले आणि एकमेकांत गुंतले, म्हणून एकत्रच लिहिते.

माझ्या वहिनीला थायरॉइडच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रेडिओॲक्टिव्ह आयोडीनचा डोस दिला. हॉस्पिटलात वेगळ्या खोलीत ठेवलं, मोजमाप घेतलं, मग घरी सोडलं. या आयोडीनचं हाफ-लाइफ, म्हणजे अर्धं व्हायला लागणारा वेळ, आठ दिवस, असं डॉक्टर म्हणाले. आईनं लगेच बोटांवर हिशेब मांडला: आठ दिवसांत अर्धं गेलं, पुढच्या आठांत उरलेलं अर्धं, सोळाव्या दिवशी सगळं साफ. वहिनीचं दीड वर्षाचं बाळ सध्या माझ्याकडे आहे आणि रोज रात्री तिच्यासाठी रडतं. सोळाव्या दिवशी बाळ तिच्या मांडीवर द्यायचं, हे आईनं ठरवूनच टाकलंय. त्यात माझा मुलगा बारावी सायन्सला. त्यानं पुस्तकातून मोठ्यानं वाचलं की आयोडीनचा क्षय होतो, आणि आईचा चेहराच उतरला. तिच्या थोरल्या काकांना शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात ठेवलं होतं. तिच्या लेखी क्षय म्हणजे तेच.

दुसरं आमच्या चाळीचं. मागचा भाग जुना, लाकडी. पुढचा भाग १९६० नंतर आरसीसीत वाढवलेला. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगमध्ये कमिटीतले एक काका उठून म्हणाले, "साठ वर्षांत अर्धी ताकद गेली असं धरा. म्हणजे बिल्डिंगचं हाफ-लाइफ साठ वर्षं. आणखी साठ वर्षांनी पाव ताकद तरी उरेलच. घाई कशाला?" लोकांनी माना डोलावल्या. मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही ते सांगता येईना. मुलगा म्हणतो सगळंच असं कमी होतं, कपॅसिटरचा चार्ज, शरीरातलं औषध, आवाजसुद्धा. खरंच सगळं एकाच नियमानं संपतं का?

आरसीसी_दादर

काकांना सांगा, बिल्डिंगला हाफ-लाइफ नसतं. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणे करावं लागतं. ते झालंय का, आणि रिपोर्ट कुणी वाचलाय का, एवढं आधी विचारा. बाकीचं नंतर लिहितो, साइटवर आहे.

निवृत्त_ट्रॉम्बे

मीनलताई, माझी नोकरी किरणोत्सर्ग मोजण्यात गेली, राहणं अणुशक्तीनगरात. तुमच्या वहिनींचं आधी बघू, कारण तिथे बाळ आहे.

आईंचा हिशेब चुकतो तो दुसऱ्या आठवड्यात. दर आठ दिवसांनी 'सुरुवातीच्या अर्धं' जात नाही, 'त्या वेळी जेवढं शिल्लक असेल त्याच्या अर्धं' जातं. आठव्या दिवशी अर्धं, सोळाव्या दिवशी पाव, चोविसाव्या दिवशी आठवा हिस्सा. हजाराव्या भागापर्यंत यायला साधारण ऐंशी दिवस लागतात. मात्र हे आकडे ऐकून घाबरू नका, कारण ते बाटलीत बंद ठेवलेल्या आयोडीनचे आहेत. थायरॉइड काढलेली असली की शरीर बरंचसं आयोडीन पहिल्या दोन दिवसांतच लघवीवाटे टाकून देतं. म्हणूनच भरपूर पाणी प्यायला सांगतात आणि तेवढे दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात. दोन्ही वाटा एकदम चालू असल्यामुळे शरीरातलं प्रमाण आठ दिवसांच्या हिशेबापेक्षा लवकर उतरतं. किती लवकर, ते दर माणसाचं वेगळं, आणि ते हॉस्पिटलनं मोजलेलं आहे. बाळाला कधी जवळ घ्यायचं याची तारीख डिस्चार्जच्या कागदावर असायला हवी. नसली तर तिथल्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला फोन करा. तारीख आईंनीही ठरवू नये आणि मीही सांगणार नाही.

आईंना आणखी एक सांगा. इथे क्षय म्हणजे रोग नव्हे. आयोडीनचा अणू एक इलेक्ट्रॉन बाहेर टाकतो आणि झेनॉनचा अणू होतो. झेनॉन हा निरुपद्रवी वायू आहे आणि हा झेनॉन पुढे फुटत नाही. म्हणजे तिथे झिजलं, कुजलं, सडलं असं काहीच नाही.

आता जे तुम्हाला पटलं नाही त्याकडे येतो. माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे. अणूला वय नसतं. रिॲक्टरमध्ये काल तयार झालेला आयोडीनचा अणू आणि तीन आठवडे टिकून राहिलेला अणू यांत शोधूनही फरक सापडणार नाही. जुना अणू थकलेला नसतो, त्याची वेळ भरत आलेली नसते. उद्या फुटण्याची शक्यता दोघांचीही सारखीच, सुमारे बारात एक. उकळा, बर्फात ठेवा, ॲसिडमध्ये घाला, या शक्यतेला धक्का लागत नाही.

मुलाला घरी करून बघू दे. एक फासा आणि एक नाणं एकदम टाकायचं. फाशावर सहा आणि नाण्यावर छापा असं दोन्ही जुळलं तर तो अणू गेला. ही शक्यता बरोबर बारात एक. कागदावर शंभर अणू मांडायचे, प्रत्येकासाठी एकदा टाकायचं, हा झाला एक दिवस. मग उरलेल्यांसाठी पुन्हा. आठ फेऱ्यांनंतर पन्नासच्या आसपास उरतील. कुठला अणू जाणार ते कुणालाच सांगता येणार नाही, पण अर्धे जाणार हे आधीच सांगता येतं. रदरफर्ड आणि सॉडी यांनी १९०२ साली माँट्रियलला हा हिशेब मांडला तो थोरियमवर काम करताना. आपल्या केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत आहे तेच थोरियम. त्याचं हाफ-लाइफ सुमारे १४०० कोटी वर्षं, आणि त्याच्याच वंशात पुढे निर्माण होणारा एक वायू मिनिटभराच्या आत अर्धा होतो. दोघांचा नियम तोच, फक्त शक्यता वेगळी.

तुमच्या चाळीला मात्र वय आहे. स्लॅबच्या आतली सळई सुरुवातीला गंजत नाही, कारण ताजं काँक्रीट खूप अल्कलीयुक्त असतं, पीएच साडेबारा-तेराच्या घरात. त्यामुळे सळईवर ऑक्साइडचा एक घट्ट पापुद्रा धरतो आणि तो तिला राखतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड बाहेरून आत शिरत जातो आणि ही अल्कली मारत जातो. ही मजल हळूहळू पडते, दुप्पट खोली गाठायला चौपट वर्षं लागतात. तोवर बाहेरून काही दिसत नाही, ताकदही विशेष कमी होत नाही. एकदा तो थर सळईपर्यंत पोचला की पापुद्रा सुटतो आणि गंज सुरू होतो. गंजाला मूळ पोलादापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. भेग पडली की पावसाचं पाणी थेट आत जातं आणि गंज आणखी वाढतो. तुमच्या गिरगावात समुद्र जवळ, खारी हवा आहेच. बांधताना खाडीची वाळू नीट न धुता घातली असेल तर मीठ पहिल्या दिवसापासून आत बसलेलं असतं, ते कार्बन डायऑक्साइडची वाटही बघत नाही.

दोन्हींचा आलेख शेजारी शेजारी काढा. आयोडीन सुरुवातीला सर्वांत वेगानं कमी होतं आणि पुढे मंदावत जातं. इमारत सुरुवातीची कित्येक वर्षं जवळपास तशीच राहते आणि शेवटी वेगानं खाली येते. काकांनी दुसऱ्या जातीच्या गोष्टीला पहिल्या जातीचा आलेख लावला. त्या आलेखात शेपूट लांब असतं, थोडं थोडं कायम उरतं, म्हणून ऐकायला धीर येतो. इमारतीच्या आलेखाला तसं शेपूट नसतं. हा नुसता शब्दांचा गोंधळ असता तर मी एवढं लिहिलं नसतं. त्या स्लॅबखाली माणसं झोपतात.

वाशी_मार्केट_कांदा

निवृत्त साहेब, विषय निघालाच आहे तर विचारतो. लासलगावला कांद्याला रेडिएशन देतात. आमच्याकडे गिऱ्हाईक विचारतं की तो कांदा रेडिओॲक्टिव्ह होतो का. आणि व्यापारी म्हणतात की रेडिएशन दिलेला कांदा सडत नाही. या दोन्हींत खरं किती?

निवृत्त_ट्रॉम्बे

पहिल्याचं उत्तर स्वच्छ नाही असं आहे. लासलगावच्या 'कृषक' केंद्रात कोबाल्ट-६० वापरतात. त्याच्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट). एवढ्या ऊर्जेनं कांद्यातले अणू किरणोत्सारी होत नाहीत. कांदा किरणांसमोरून जातो, कोबाल्टला त्याचा स्पर्शही होत नाही.

दुसरं अर्धंच खरं आहे. कांद्याला अगदी थोडा डोस देतात. त्यानं कोंब फुटायच्या जागेवरच्या पेशींची वाढ थांबते, म्हणून कांदाचाळीत साठवलेला कांदा कोंब धरत नाही. सड मात्र बुरशीमुळे आणि जिवाणूंमुळे होते, आणि एवढ्याशा डोसनं ते मरत नाहीत. काढणीनंतर कांदा नीट सुकवला नसेल, चाळीत हवा खेळत नसेल, तर रेडिएशन देऊनही तो सडणारच. हापूसचं प्रकरण निराळं. २००७ पासून अमेरिकेला आंबा जातो तो कोयीतल्या भुंग्यासारखी कीड तिकडे पोचू नये म्हणून जास्त डोस देऊन.

मला या कामात कायम आवडलेली एक गोष्ट सांगतो, कारण दोन्ही जाती इथे एका छपराखाली येतात. कोबाल्टला वय नाही. त्याचं हाफ-लाइफ सव्वापाच वर्षांचं, म्हणजे दर वर्षी असेल त्यातलं साधारण १२ टक्के कमी. हे इतकं बिनचूक की कांद्याला किरणांसमोर किती वेळ ठेवायचं ते तारखेवरून काढता येतं. कांद्याचं तसं नाही. त्याला विश्रांतीचा काळ असतो, तो संपला की कोंब येतो. आणि एक सडला की त्याचं पाणी शेजारच्याला लागतं. चाळीत सड कशी पसरते ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. सुरुवातीला वास येत नाही, आणि मग आठवड्याभरात अख्खी रास उपसावी लागते.

वाशी_मार्केट_कांदा

रास उपसायची पाळी दर पावसाळ्यात येते. गोल्टीचं, म्हणजे बारीक कांद्याचं, तर विचारूच नका. समजलं, धन्यवाद.

तंबोरा_शिवाजीपार्क

मी गाणं शिकवते. मुलाच्या यादीतला आवाज खरोखर आयोडीनच्या जातीचा आहे का? तंबोऱ्याच्या तारेची आस, म्हणजे छेडल्यावर मागे राहणारी गुंज, हळूहळू विरते, ती ऐकताना मला कधी थकल्यासारखी वाटत नाही. म्हणून विचारलं.

निवृत्त_ट्रॉम्बे

ताई, तुमच्या कानानं बरोबर ओळखलं. तार दर क्षणाला तिच्यात उरलेल्या ऊर्जेचा ठरावीक हिस्सा हवेला आणि भोपळ्याला देते. किती वेळापूर्वी छेडली होती याची नोंद तिच्याकडे नसते. शेवटच्या सेकंदातल्या मंद सुरात आणि हलकेच छेडलेल्या ताज्या सुरात ऊर्जा सारखी असेल तर दोन्ही पुढे सारख्याच गतीनं विरतील. सभागृहात घुमणाऱ्या आवाजाचंही तेच. तिथे ६० डेसिबल उतरायला लागणारा वेळ मोजतात, म्हणजे ऊर्जा दहा लाखाव्या भागावर येईपर्यंतचा. कपॅसिटरही याच घरातला.

शरीरातल्या औषधाबद्दल मात्र मुलाला सावध करा. बरीच औषधं उरलेल्या प्रमाणात कमी होतात, पण दारू तशी होत नाही. यकृत तिला ताशी जवळपास ठरावीक मात्रेनंच उपसतं, कमी असो वा जास्त. त्यामुळे जास्त प्यायलेल्याला जास्त वेळ लागतो, आणि तो हिशेब सरळ रेषेचा आहे.

आजोबा_फणसवाडी

१९७९ च्या जुलैत स्कायलॅब ही अमेरिकेची अवकाश प्रयोगशाळा पडणार म्हणून आमच्या गल्लीत रात्री लोक गच्चीवर उभे असायचे. पेपरात 'कक्षेचा क्षय' असं वाचल्याचं आठवतं. ते कोणत्या जातीचं?

आणि पंचांगात तिथीचा क्षय असतो, तो यात धरायचा नाही. तिथी एका सूर्योदयानंतर लागली आणि दुसऱ्याच्या आधी संपली, म्हणजे तिला सूर्योदयच मिळाला नाही, तर ती क्षयतिथी. तिथे काही कमी झालेलं नसतं, फक्त त्या तिथीच्या नावानं दिवस मोजला जात नाही.

निवृत्त_ट्रॉम्बे

आजोबा, स्कायलॅब चाळीच्या जातीचं. वरच्या विरळ हवेत घर्षण थोडं, म्हणून ते हळूहळू खाली येत राहिलं. जितकं खाली, तितकी हवा दाट, तितकं उतरणं वेगात. त्या वर्षांत सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त सक्रिय होता, वातावरणाचा वरचा थर फुगला आणि स्कायलॅब ठरवल्यापेक्षा आधी आलं. ११ जुलैला हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात त्याचे तुकडे पडले. तिथीबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. ती या दोन्ही जातींत बसत नाही.

आरसीसी_दादर

परत आलो. मीनलताई, मीटिंगमध्ये मागायच्या गोष्टी सांगतो. पुढच्या भागात काँक्रीटचा ताजा छेद काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारं रसायन मारायला सांगा. गुलाबी झालं तिथे अल्कली शाबूत, रंग आला नाही तिथे मेली. रंग नसलेल्या भागाची खोली आणि सळईवरच्या कव्हरची, म्हणजे काँक्रीटच्या थराची, जाडी, हे दोन आकडे शेजारी ठेवले की किती वेळ हातात आहे ते समजतं. सोबत हाफ-सेल पोटेन्शियल (सळई गंजतेय का ते बघणारी), अल्ट्रासोनिक (काँक्रीटची आतली स्थिती बघणारी) आणि क्लोराइडची, म्हणजे मिठाची, चाचणी. या हाफ-सेलचा काकांच्या हाफ-लाइफशी संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पुन्हा गोंधळ.

मागचा लाकडी भाग जुना आहे म्हणून तो आधी पडेल असं गृहीत धरू नका. जुना साग कोरडा राहिला तर कुजत नाही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांखाली असला तर बुरशी त्यात वाढू शकत नाही. तपासायचं तुळईचं टोक, जिथे ते भिंतीत शिरतं, आणि तेही मोरी किंवा संडासाच्या पाइपाजवळ. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. बोटभर आत गेला तर त्या खोलीतल्या माणसांना त्याच दिवशी हलवा, रिपोर्टची वाट बघू नका. वाळवीच्या मातीच्या नळ्याही तिथेच शोधा.

मीनल_ठाकूरद्वार

सगळ्यांचे मनापासून आभार. हॉस्पिटलला फोन केला. बाळासाठी त्यांनी वेगळी तारीख दिली आणि आईनं ती कॅलेंडरवर स्वतः लिहिली. ऑडिट कधी झालंय का विचारलं, तर सेक्रेटरींनी पाहून सांगतो म्हटलंय. रविवारी परत मीटिंग आहे, हा धागा छापून नेणार आहे.

मुलगा फासे टाकत बसलाय आणि त्याचा नवीन प्रश्न आहे, निवृत्त काकांसाठी. तो म्हणतो, प्रोटॉन कधी फुटतो का? आणि त्याचं हाफ-लाइफ विश्वाच्या वयापेक्षा मोठं असेल तर ते कुणी मोजणार कसं?

निवृत्त_ट्रॉम्बे

पोरानं नेमका प्रश्न विचारलाय. आणि याचं उत्तर शोधण्यात मुंबईचा हात आहे.

प्रोटॉनला वय असतं तर ते मोजताच आलं नसतं. मग त्याच्या म्हातारपणाची वाट बघत बसावं लागलं असतं. पण फुटत असेल तर तोही आयोडीनसारखाच, आज, उद्या, कधीही, सारख्याच शक्यतेनं. मग एका प्रोटॉनपाशी अब्जावधी वर्षं थांबायची गरज नाही. प्रचंड संख्येनं प्रोटॉन एका जागी जमवायचे आणि काही वर्षं लक्ष ठेवायचं. एखादा तरी फुटेल.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं जपानी शास्त्रज्ञांबरोबर हेच केलं. १९८० च्या सुमारास कर्नाटकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटरवर, १४० टनांचा डिटेक्टर उभा केला. लोखंडी पत्र्यांचे थर आणि मध्ये मोजणाऱ्या नळ्या. इतकं खोल जायचं कारण वरून सतत येणारे वैश्विक किरण. पृष्ठभागावर त्यांच्या गर्दीत एक फुटलेला प्रोटॉन ओळखूच आला नसता. १४० टन लोखंडात प्रोटॉन-न्यूट्रॉन किती, हे मुलाला काढू दे. एका ग्रॅममध्ये साधारण ६ वर २३ शून्यं इतके धरायचे.

कोलारच्या गटानं प्रोटॉन फुटल्यासारख्या दिसणाऱ्या काही नोंदी जाहीर केल्या होत्या. इतरांना त्यांचा पुरावा मिळाला नाही. पुढे जपानात ५० हजार टन पाण्याची टाकी, सुपर-कामिओकांदे, अशाच एका खाणीत उभी राहिली. तिथेही आजवर खात्रीनं सांगावा असा एकही फुटलेला प्रोटॉन दिसलेला नाही. त्यावरून निघतं की फुटण्याच्या सर्वांत अपेक्षित वाटेनं प्रोटॉनचं आयुष्य १ वर ३४ शून्यं इतक्या वर्षांपेक्षाही जास्त असलं पाहिजे. विश्वाचं वय १ वर १० शून्यं, त्याहून थोडंच जास्त.

त्याहून कितीतरी मोठी टाकी जपानात सध्या बांधली जाते आहे. तुमचा मुलगा बारावीनंतर फिजिक्स घेणार असेल तर तिची मोजणी चालू असतानाच तो शिकत असेल. त्याचं १४० टनांचं उत्तर आलं की इथे टाकायला सांगा, मी तपासून देतो.